मेंदूतला गंज काढणारं इंजेक्शन सासूबाईंना द्यावं का?

ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, निवृत्त शिक्षिका. अडीच वर्षांपासून विसरणं वाढत गेलं. अल्झायमरचं निदान झालंय, स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी १७ गुण आले. वीस वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मेंदू आकसलाय आणि बारीक रक्तस्रावाचे सहा ठिपके आहेत असं लिहिलंय. माझे दीर अमेरिकेत असतात. ते म्हणतात, तिकडे मेंदूतला गंज साफ करणारं इंजेक्शन निघालंय, वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर. आम्ही एफडी मोडायला तयार आहोत. तो गंज खरंच निघतो का? यजमान ४९ वर्षांचे आहेत, त्यांनाही हे होईल का, त्यांची जीनची तपासणी करू का? आणि एक सांगायची लाज वाटते, पण त्या मला चोर म्हणतात. त्यांच्या पाटल्या मीच घेतल्या म्हणतात. त्यावर काही औषध आहे का?" सोबत त्यांनी गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटोही पाठवला आहे.

ताई, आधी एक स्पष्ट सांगते. एफडी मोडू नका. ते इंजेक्शन म्हणजे फसवणूक नाही, मेंदूत साचलेला पदार्थ त्याने खरोखर निघतो. तरीही तुमच्या सासूबाईंसाठी ते नाही, आणि ते का नाही हे समजायचं असेल तर मेंदूत नेमकं काय साचतं, कधी साचतं, हे पाहावं लागेल. उत्तर लांबेल. पण तुम्ही एवढी मोठी रक्कम काढायला निघाला आहात, तेव्हा पूर्ण ऐकून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

दीर 'गंज' म्हणतात तो शब्द मला थोडा खटकतो, कारण गंज हवेतून, पाण्यातून, म्हणजे बाहेरून लागतो. इथे जे साचतं तो आपल्याच शरीरातल्या एका प्रथिनाचा तुकडा असतो. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका बाई दाखल झाल्या. विस्मरण, संशय, बोलताना शब्द न सापडणं. (ठाण्याचं मनोरुग्णालयही त्याच सालचं. त्या काळी अशा माणसांना जगभर एकच जागा असे.) त्यांना तपासणारे डॉक्टर आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये बाई गेल्या तेव्हा अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर ढिगारे होते आणि पेशींच्या आत दोऱ्यांचे गुंते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे एका परिषदेत मांडलं आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीही एकही प्रश्न विचारला नाही. ते ढिगारे कशाचे आहेत हे कळायला १९८४ साल उजाडावं लागलं. पदार्थाचं नाव अमायलॉइड बीटा.

हा तुकडा तयार होतो तो असा. मेंदूच्या पेशीच्या आवरणात एपीपी नावाचं लांब प्रथिन सुई-दोऱ्यातल्या टाक्यासारखं आरपार गेलेलं असतं. पेशी ते कापून टाकत राहते, आणि कापायला तिच्याकडे वेगवेगळ्या कात्र्या आहेत. एक कात्री मधोमध कापते, तिच्यापासून काहीच त्रास नाही. पण बीटा आणि गॅमा या दोन कात्र्या दोन टोकांना चालल्या की मधला तुकडा सुटा होतो. तो बहुतेक वेळा ४० अमायनो आम्लांचा (प्रथिनाच्या माळेतले हे मणी) असतो, कधी ४२ चा. फरक फक्त दोन मण्यांचा, पण ते दोन मणी तेलकट आहेत, पाण्यापासून पळणारे. त्यामुळे ४२ चा तुकडा एकटा राहत नाही. दुसऱ्याला बिलगतो, मग तिसऱ्याला, आणि अशी चपट्या घड्यांची चळत होत जाते. तुमच्या-माझ्या मेंदूतही हा तुकडा आत्ता तयार होतो आहे. फरक इतकाच की निरोगी मेंदूत जितका होतो तितका धुऊन निघतो. उतारवयात बहुतेकांच्या बाबतीत बिघडतं ते हे धुणं.

हे सगळं अमायलॉइडवर का येऊन थांबतं, याचा पुरावा मला सर्वांत पटतो तो जनुकांमधला. एपीपीचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्यांकडे त्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि त्यांच्या मेंदूत चाळिशीतच अल्झायमरचे ढिगारे दिसतात. उलट बाजूला आइसलँड. तिथे २०१२ साली काही लोकांमध्ये याच जनुकातला एक बदल सापडला, ज्यामुळे बीटा कात्री नीट चालत नाही आणि तुकडे सुमारे ४० टक्के कमी बनतात. ती माणसं म्हातारपणी या आजारापासून बरीच सुरक्षित राहतात. जास्त तुकडे तर लवकर आजार, कमी तुकडे तर संरक्षण. २००६ सालचा एक गाजलेला अमायलॉइडवरचा शोधनिबंध चित्रांमध्ये फेरफार आढळल्याने २०२४ मध्ये मागे घेतला गेला, तेव्हा 'अमायलॉइडची सगळी गोष्टच खोटी' असे संदेश व्हॉट्सअॅपवर खूप फिरले. तो निबंध एका विशिष्ट प्रकारच्या पुंजक्याबद्दल होता. त्या प्रकाराने संशोधकांचा वेळ आणि पैसा वाया गेला, त्याचा मलाही संताप आहे. पण डाऊन सिंड्रोम आणि आइसलँडचा पुरावा त्या निबंधावर उभा नव्हता.

मात्र तुमच्या सासूबाईंना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, याला ढिगाऱ्यांपेक्षा गुंते जास्त जबाबदार आहेत. हे दुसऱ्या प्रथिनाचे, टाऊचे.

घोडबंदर रोडवरून जाताना बांधकामाची परांची बघा. बांबू उभे राहतात ते काथ्याने बांधलेले असतात म्हणून. मज्जापेशीच्या लांब धाग्यात असेच नळीसारखे बांबू असतात, त्यांच्यावरून पेशीचा सगळा माल पुढे जातो, आणि टाऊ हा त्यांना जागेवर धरणारा काथ्या. आजारात टाऊवर फॉस्फेटचे कण प्रमाणाबाहेर चिकटतात. काथ्या बांबूवरून सुटतो आणि सुटलेला काथ्या आपसातच गुंतत जातो. माल जायचा थांबतो, पेशीचं टोक वाळतं, मग पेशी मरते. गुंता आणखी एक करतो. शेजारच्या पेशीतल्या चांगल्या टाऊलाही तो आपल्यासारखी घडी घालायला लावतो. चमचाभर विरजण घातलं की पातेलंभर दूध लागतं, तसं. सुरुवात होते कानशिलाच्या आत खोलवर, हिप्पोकॅम्पसच्या दारात. आजच्या घटनांची नोंद जिथे व्हायची तीच ही जागा. तिथून वर्षांगणिक ते पुढे सरकतं, भाषेकडे, दिशा समजण्याकडे, निर्णयाकडे.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चेंदणीतल्या, ३० वर्षं फळ्यावर लिहिलेल्या. मी कोरा कागद दिला आणि म्हटलं, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. त्यांनी एका दमात गोल काढला, इतका सुबक की मी बघत राहिले. आकडे घालायला लागल्या. १२, १, २ असे ओळीने, वळणदार, पण सगळे उजव्या अर्ध्यातच संपले. डावा अर्धा रिकामा. मग काटे. एक काटा १० कडे, दुसरा ११ कडे. 'दहा' ऐकलं तर दहावर, 'अकरा' ऐकलं तर अकरावर. मिनिटांचे दहा म्हणजे दोनच्या आकड्यावर, हे जे मनातल्या मनात उलगडावं लागतं, ते उलगडणारी जागा आता पोचेनाशी झाली होती. अक्षर मात्र तसंच सुंदर होतं. हाताची सवय वेगळ्या ठिकाणी साठते आणि तिथे हा आजार फार उशिरा पोचतो.

सगळ्यांत मोलाची गोष्ट यातल्या वेळेची आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड स्कॅनवर दिसायला लागलं २००४ पासून, आणि तेव्हापासून कळत गेलं की ढिगारे साचायला सुरुवात होते ती पहिलं विस्मरण दिसण्याच्या १५ ते २० वर्षं आधी. म्हणजे सासूबाईंच्या मेंदूत हे सुरू झालं तेव्हा बहुधा त्या अजून शाळेत शिकवत होत्या आणि सगळ्या वर्गाची हजेरी त्यांना तोंडपाठ होती. मग टाऊ, मग मेंदूतल्या सफाई पेशींचा दाह, मग पेशींचा ऱ्हास, आणि सर्वांत शेवटी आपल्याला दिसलेलं विसरणं.

आता इंजेक्शन. यातली जुनी गोष्ट आधी ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे. या शतकाच्या सुरुवातीला अमायलॉइडविरुद्ध एक लस आली होती. २००२ मध्ये तिची चाचणी थांबवावी लागली, कारण घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली. पण ज्यांनी ती घेतली होती त्यांच्यावर डॉक्टर पुढेही लक्ष ठेवून होते. त्यातले काही जण काही वर्षांनी गेले, तेव्हा त्यांचे मेंदू तपासले. काहींचे ढिगारे जवळपास पूर्ण साफ झालेले होते. आणि ती माणसं शेवटी अल्झायमरच्या अगदी तीव्र अवस्थेतच गेली होती. हे २००८ साली प्रसिद्ध झालं तेव्हा मी वाचून बराच वेळ सुन्न बसले होते. ढिगारे गेले, तरी माणूस परतला नाही. पुढचा आजार टाऊच्या हातात गेलेला होता.

कात्र्या बंद करणाऱ्या गोळ्याही येऊन गेल्या. गॅमा कात्री रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी २०१० मध्ये थांबली, कारण घेणाऱ्यांची स्मृती जास्तच बिघडली, त्वचेचे कर्करोगही वाढले. ती कात्री शरीरात इतर कितीतरी प्रथिनं कापत असते, ती सगळी कामं अडली. बीटा कात्रीच्या गोळ्यांनीही स्मृती बिघडली, त्यांच्याही चाचण्या थांबल्या. मधुमेह आणि वजनासाठी नावाजलेल्या सेमाग्लुटाइडवर बऱ्याच जणांची आशा होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, अल्झायमरची गती कमी झाली नाही.

या सगळ्यातून टिकून राहिली ती प्रतिपिंडं (अँटिबॉडी), म्हणजे अमायलॉइडला चिकटून ते काढायला लावणारी प्रथिनं. तुमचे दीर म्हणतात ती इंजेक्शनं हीच. लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला २०२४ मध्ये. लेकानेमॅब दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, डोनानेमॅब महिन्याला. लेकानेमॅबच्या चाचणीत १,७९५ माणसं होती, १८ महिने. शून्य ते १८ अशा मोजपट्टीवर (जितके गुण जास्त तितका आजार जास्त) औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. यालाच बातमीत 'आजार २७ टक्क्यांनी मंदावला' असं म्हणतात, आणि ते गणित बरोबर आहे. पण दोन्ही गट घसरलेच, एक थोडा हळू घसरला. घरातल्या माणसाला दीड वर्षात हा फरक जाणवेल का, यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. माझं मत: अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या, बाकी धडधाकट माणसाला तो काही महिन्यांचा वेळ मोलाचा असू शकतो, आणि त्याने तो मागितला तर मी त्याला परावृत्त करणार नाही. गेलेली स्मृती मात्र परत येत नाही.

सासूबाई त्या गटात का बसत नाहीत, ते त्यांच्याच रिपोर्टवरून सांगते. लेकानेमॅबची चाचणी ३० पैकी २२ किंवा त्याहून जास्त गुण असणाऱ्यांवर झाली, डोनानेमॅबची २० ते २८ वाल्यांवर. त्यांचे १७ आहेत. ही केवळ नियमाची अडवणूक नाही. डोनानेमॅबच्या चाचणीतही ज्यांच्या मेंदूत टाऊ कमी पसरला होता त्यांना जास्त फायदा झाला, पसरलेला टाऊ जास्त तर फायदा थोडा. विरजण सगळ्या पातेल्यात लागल्यावर चमचा बाहेर काढून उपयोग होत नाही.

दुसरं कारण ते सहा ठिपके, आणि माझ्या मते ते पहिल्यापेक्षा गंभीर आहे. अमायलॉइड पेशींभोवती साचतं तसं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही साचतं. अशा भिंती ठिसूळ होतात, एमआरआयवरचे ठिपके बहुधा त्याच्या खुणा. प्रतिपिंडं भिंतीतलं अमायलॉइड ओढून काढायला लागली की भिंत झिरपते. लेकानेमॅब घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत त्यामुळे सूज दिसली, डोनानेमॅबमध्ये साधारण २४ टक्के. बहुतेकांना काही जाणवलं नाही, पण काहींना फिट्स आल्या, मोठा रक्तस्राव झाला, काही जण दगावले. म्हणूनच चारपेक्षा जास्त ठिपके असणाऱ्यांना चाचणीतच घेतलं नव्हतं. सासूबाईंना सहा आहेत. कुठल्याही देशातल्या कुठल्याही रुग्णालयाने तयारी दाखवली तरी तुम्ही 'नको' म्हणा. दिरांनाही हा परिच्छेद वाचून दाखवा. दूर राहणाऱ्या मुलाला आईसाठी काहीतरी करायचं असतं, पैशाची तयारी त्यातूनच येते. त्या पैशात दिवसभराची चांगली मदतनीस ठेवता येईल. आजारी माणसाला आणि तुम्हालाही त्याचा उपयोग इंजेक्शनपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीकडे येते. खरं सांगते, तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यांत जास्त तिथेच अडकलं. त्यात डोनेपेझिल आहे, बरोबर आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रातून अॅसिटिलकोलीन नावाचं निरोप्या रसायन सगळ्या मेंदूत जातं, लक्ष देणं आणि लक्षात ठेवणं त्याच्यावर चालतं. अल्झायमरमध्ये ते केंद्र लवकर रोडावतं. डोनेपेझिल उरलेलं अॅसिटिलकोलीन लवकर तुटू देत नाही. १९९६ पासून वापरात असलेली गोळी आहे, आजार ती थांबवत नाही, पण काही जणांना वर्ष-दीड वर्ष हुशारी टिकवून देते. पण त्याच चिठ्ठीत खाली, दुसऱ्या हस्ताक्षरात, लघवी वारंवार होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन आहे. आणि झोपेसाठी रात्री अॅमिट्रिप्टिलिन. ताई, या दोन्ही गोळ्या अॅसिटिलकोलीनचंच काम अडवतात. एक गोळी जे वाढवते आहे ते दुसऱ्या दोन बंद करताहेत. शिवाय डोनेपेझिलनेच काही जणांना लघवीची घाई लागते. तुमच्याकडे तसंच झालं असावं: पहिली गोळी सुरू झाली, लघवी वाढली, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, त्यांनी पहिली गोळी न पाहता दुसरी दिली. असं मी दर महिन्याला बघते, आणि यात घरच्यांची काही चूक नसते. गोळ्या आपणहून बंद करू नका, पण या आठवड्यातच डॉक्टरांकडे जाऊन नेमका हाच प्रश्न विचारा: 'यातली कुठली गोळी अॅसिटिलकोलीनच्या विरुद्ध काम करते?' सर्दीच्या साध्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिनही याच जातीचं, तेही घरात सहज मिळेल असं ठेवू नका.

आणि बी-१२. तुम्ही शाकाहारी असल्याचं लिहिलं आहे, आणि मधुमेहासाठी त्या वीस वर्षं मेटफॉर्मिन घेत आहेत. मेटफॉर्मिनने बी-१२ चं शोषण कमी होतं, शाकाहारात ते मुळात कमी. चिठ्ठीत पँटोप्राझोलही आहे, तेही त्यात भर घालतं. बी-१२ ची पातळी शेवटची कधी पाहिली, हे तुम्ही पाठवलेल्या कागदांत कुठेच नाही. थायरॉइडचंही नाही. अल्झायमर असलेल्या माणसाला बी-१२ ची कमतरता असू शकते आणि ती भरून काढली की आहे तेवढं तरी स्वच्छ होतं. काही वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधून एक आजोबा 'डिमेन्शिया' (स्मृतिभ्रंश) म्हणून आणले होते, दोन महिने बी-१२ ची इंजेक्शनं घेतल्यावर ते स्वतः रिक्षाने फॉलोअपला आले. सासूबाईंचं तसं होईल असं मी म्हणत नाही, त्यांचा एमआरआय वेगळं सांगतो. पण काही शे रुपयांची ती तपासणी आधी करा. कानही तपासून घ्या. ऐकू न आलेली गोष्ट लक्षात राहायचा प्रश्नच येत नाही, आणि घरचे समजतात विसरल्या.

हळदीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या नळीत अमायलॉइडला चिकटतं हे खरं आहे. पोटातून ते रक्तात फारच थोडं जातं, आणि माणसांवर केलेल्या चाचण्यांत अल्झायमरला उपयोग दिसला नाही. आमटीतली हळद चालू द्या, महागड्या कॅप्सूल नकोत.

यजमानांचा प्रश्न मला इंजेक्शनपेक्षा मोठा वाटतो. एका जनुकातल्या बिघाडाने पिढ्यान्‌पिढ्या येणारा अल्झायमर अगदी विरळा, एक टक्क्याहून कमी, आणि तो सहसा साठीच्या आतच दिसतो. तुमच्याकडे तसं नाही. राहतं ते एपीओई नावाचं जनुक. मेंदूत चरबीची ने-आण करणारं प्रथिन त्यावरून बनतं. त्याचे दोन, तीन, चार असे प्रकार आहेत. चार नंबरची एक प्रत असली की धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर आठ ते बारा पट. पण चार नंबर असूनही शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेले आणि एकही नसताना आजारी पडलेले असे दोन्ही मी रोज पाहते. लक्षणं नसताना ही तपासणी करून यजमानांच्या हातात फक्त काळजी येईल, आज करायच्या गोष्टी त्याने बदलणार नाहीत. म्हणून नको. रक्तातून टाऊचा एक प्रकार मोजणारी चाचणीही आता आली आहे, मे २०२५ मध्ये अमेरिकेत तशा पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली, पण ती विस्मरणाची लक्षणं असलेल्यांसाठी आहे.

पण ते १५ ते २० वर्षांचं गणित आठवा. यजमान आज ४९ चे आहेत. कधी काळी त्यांच्या मेंदूत हे साचणार असेल, तर साचायला लागण्याचं वय आता समोर येतं आहे, आणि हाच काळ काही करण्यासारखा आहे. सासूबाईंच्या बाबतीत जी वेळ निघून गेली ती यजमानांच्या हातात आहे. देशात ६० च्या पुढच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने अशी १४ कारणं मोजली जी टाळता किंवा सुधारता येतात, आणि ती सगळी हाताळली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू किंवा लांबू शकतात असा अंदाज दिला. त्यातलं ज्याच्यावर मी सर्वांत जास्त भर देते ते म्हणजे मध्यमवयातला रक्तदाब. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवला, तर स्मृतीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. अमायलॉइड धुऊन नेणारं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेने वाहतं, वाहिनी कडक झाली की तेही तुंबतं. यजमानांचा रक्तदाब घरी आठवडाभर मोजा, साखर आणि वाईट कोलेस्टेरॉल बघा, घोरत असतील तर झोपेची तपासणी करा. उपवनला किंवा तलावपाळीला रोज भरभर चालणं हे औषधाच्या बरोबरीने लिहून देते मी. आणि नागिणीची लस, ती वयाच्या ५० नंतर घेता येते. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळाली नाही आणि नंतरच्यांना मिळाली, त्यामुळे आठवडाभराच्या अंतराने जन्मलेल्यांची आपोआप तुलना झाली. लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी. ती जुन्या प्रकारची लस होती, आता मिळते ती वेगळी, तरी नागीण टळते एवढ्यासाठीसुद्धा ती घ्यावी असं माझं मत आहे.

संशोधन थांबलेलं नाही. साध्या प्रतिपिंडाचा हजारातला जेमतेम एक भाग रक्तातून मेंदूत शिरतो. आता त्याला असा एक हात जोडताहेत की मेंदूत लोह नेणाऱ्या वाटेवरून तो आत जाईल. ट्रॉन्टिनेमॅब हे त्यातलं एक, त्याची शेवटच्या टप्प्याची चाचणी २०२५ मध्ये सुरू झाली. टाऊ तयारच होऊ नये म्हणून त्याच्या जनुकाचा निरोप अडवणारी औषधंही माणसांवर तपासली जात आहेत. लक्षणं यायच्या आधीच अमायलॉइड काढलं तर काय होतं, याच्याही चाचण्या चालू आहेत, आणि माझे डोळे त्यांच्याकडे लागले आहेत. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यातल्या खेड्यांमधल्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहे. आजवरची बहुतेक माहिती गोऱ्या लोकांवरून आलेली, आपल्या मेंदूंचं काय, हे त्यातून कळेल.

आता पाटल्या. यात लाजण्यासारखं काही नाही, माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी निम्म्या घरांत कुणीतरी चोर ठरलेलं असतं. सासूबाईंना आपल्या पाटल्या आहेत हे पक्कं माहीत आहे, ती आठवण पन्नास वर्षं जुनी, मेंदूत दूरवर पसरलेली, शाबूत. त्या त्यांनी स्वतःच, चोरीला जाऊ नयेत म्हणून, कुठेतरी जपून ठेवल्या. पण ठेवल्याची नोंद हिप्पोकॅम्पसमध्ये झालीच नाही. आता त्यांच्या दृष्टीने दोन गोष्टी खऱ्या आहेत: पाटल्या होत्या, आणि जागेवर नाहीत. मेंदू मधली पोकळी रिकामी ठेवत नाही, कुणाचं तरी नाव घालतो. दिवसभर घरात तुम्ही असता, हाताशी तुमचंच नाव असतं. अमेरिकेतल्या मुलाचं नाव येणार नाही. तुमच्याबद्दल त्यांच्या मनात काय आहे, याचा त्या वाक्याशी संबंध नाही.

यावर गोळी मागू नका. भ्रम कमी करणारी औषधं डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, २००५ पासून त्यांच्या माहितीपत्रकावर अमेरिकेत तशी ठळक ताकीद आहे. मारहाण किंवा स्वतःला इजा करण्यापर्यंत गोष्ट गेली तरच, आणि थोडे दिवस. 'मी घेतल्या नाहीत' किंवा 'तुम्हीच ठेवल्यात' असं म्हणू नका, नोंदच नसल्याने दोन्ही त्यांना खोटंच वाटणार. 'अहो आई, पाटल्या मिळत नाहीत म्हणजे काय, चला आपण दोघी शोधू' म्हणा, आणि त्यांना स्वतःच्या हाताने सापडू द्या. खऱ्या सापडल्या की बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि तशाच दिसणाऱ्या बेन्टेक्सच्या दोन जोड्या आणा, एक हरवली तर दुसरी त्यांच्या कपाटात असेल. खऱ्या शोधायला सुरुवात तांदळाच्या डब्यापासून करा, मग उशीचा अभ्रा, मग देवघराच्या मागची फट.